नागपूरच्या गणेशपेठेतलं टायपिंगचं दुकान: इथे कागद आधी वाचतात, मग टाइप करतात

पाचपैकी चार तारे देतो. पाचवा कुलरचा होता. मे महिन्यात या दुकानात कुलर दिवसभर घरघरतो, पण त्याच्या टाकीत पाणी कोणी टाकत नाही. नुसती गरम हवा इकडून तिकडे. बाहेर शेहेचाळीस अंश आणि आत तुमची आपली हजेरीपुस्तकं मांडीवर. काकांना दोनदा सांगून झालं. "पाण्यानं कागद ओलसर होते बावा," एवढंच उत्तर.

दुकान सापडायला कठीण आहे. हिंगण्याकडून येणार असाल तर लोकमान्य नगरला मेट्रो धरा आणि कॉटन मार्केटला उतरा. तिथून एसटी स्टँडच्या बाजूनं पंचदीप भवनाकडे, म्हणजे ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) ऑफिसकडे चालत निघालात की झेरॉक्सची चार-पाच दुकानं लागतात. त्यातलं सगळ्यात अरुंद ते हे. पाटीचा रंग उन्हानं पार उडालाय. 'टायपिंग'मधला 'टा' आणि मोबाइल नंबरातले तीन आकडे शाबूत आहेत. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम आणि तारीख. त्यामुळे नाव काय लिहू? कोणालाही "वाचून टाइप करणारे काका" विचारा, शेजारचा पानवाला बोट दाखवेल. थोडं तोंड वाकडं करूनच दाखवेल, कारण काका उधारी ठेवत नाहीत आणि खर्राही खात नाहीत.

दर: मराठी टायपिंग पंचवीस रुपये पान, इंग्रजी वीस, प्रिंट पाच, झेरॉक्स दोन. ईएसआयचा, म्हणजे या महामंडळाच्या कामगार विम्याचा, ऑनलाइन फॉर्म भरून हवा असेल तर शंभर. बाजारभावापेक्षा कमीही नाही, जास्तही नाही. टायपिंग स्वच्छ, र्‍हस्व-दीर्घ बरोबर, तारखा दोनदा तपासलेल्या.

पण वेळ लागतो. बाकीच्या दुकानांत तुम्ही कच्चा कागद देता, पोरगा कानात इअरफोन घालून खटाखट मारतो, दहा मिनिटांत प्रिंट हातात. इथे काका तुमचा कागद आधी वाचतात. अख्खा वाचतात. ओळीवर बोट ठेवून, चष्मा वर-खाली करत, मध्येच थांबून "हे काय लिहिलं?" विचारत. मागे रांग असली तरी. घाई असेल तर शेजारी जा, हा माझा प्रामाणिक सल्ला. मीही त्या दिवशी घाईतच होतो आणि शेजारीच जाणार होतो, पण तिथली वीज गेली होती. म्हणून इथे आलो. पुढचं सगळं त्या गेलेल्या विजेमुळे.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये एकोणीस वर्षांपासून हिशेबनीस आहे. पत्र्याचं काम आहे, पॉवर प्रेसवर कपाटांच्या कड्या, बिजागऱ्या, ब्रॅकेट निघतात. टॅली मी, जीएसटी मी, हजेरी मी, पगाराची पाकिटं मी, बँकेत जाणारा मी, आणि सरकारी कागदावर 'अधिकृत स्वाक्षरी'च्या जागी सही करणाराही मीच. पोर्टलवर मालकाचं नाव, मोबाइल माझा. ओटीपी माझ्याकडे येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

४ मार्च २०२५, मंगळवार. होळीच्या आधीचा आठवडा. दुपारी जेवणानंतर प्रेसवर आमच्या मौद्याकडच्या पोराचं बोट गेलं. उजव्या हाताची तर्जनी, दोन पेरं. वय सव्वीस. बोट फडक्यात गुंडाळून त्याला खासगी दवाखान्यात नेलं, खर्च मालकानं केला. इथपर्यंत मालक माणूस वाईट नाही.

घोळ कागदाचा होता. आमच्याकडे काम करणारे चौदा, ईएसआयच्या कागदावर सहा. एकेकाळी अकरा दाखवले म्हणून कोड नंबर मिळाला, नंतर कोणी सोडून गेला की त्याचं नाव काढायचं आणि नवा आला की टाकायचं नाही, असं करत सहावर आलो. हे पोरगं सव्वादोन वर्षांपासून होतं, महिना १४,५०० रोख घेत होतं, आणि कागदावर ते जन्मलंच नव्हतं.

बुधवारी मालकानं मला केबिनमध्ये बोलावून बेत सांगितला. पोरगा ३ मार्चला कामावर लागला असं दाखवायचं. पगार ८,००० दाखवायचा. आज नोंदणी करून टाकायची. अपघात ४ ला नाही, ६ ला झाला असं लिहायचं. दवाखान्याचा कागद नंतर "बसवून घेऊ". म्हणजे उपचार, पगार, सगळं ईएसआयच्या अंगावर. "पोराचंही भलं, आपलंही भलं," मालक म्हणाला. खरं सांगू? त्या वेळी मलाही ते तसंच वाटलं. कोणाच्या खिशातून जातंय? सरकारच्या.

तर गुरुवारी मी पेन ड्राइव्हमध्ये तीन कागद घेऊन या दुकानात. नियुक्तीचा फॉर्म, मार्चचं हजेरीपत्रक आणि अपघाताचा अहवाल. स्वच्छ टाइप करून, प्रिंट काढून द्यायचे होते.

काकांनी वाचले. मग पुन्हा वाचले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अपघात कवाचा?"

"सहा तारखेचा. लिहिलंय नं."

"भाऊ, सहा तारीख आज आहे. सकाळचे साडेदहा वाजून राहिले. अहवालात लिहिलं दुपारी अडीच."

मी खोटा कागद घेऊन निघालो आणि घड्याळ बघितलं नाही! एकोणीस वर्षं हिशेब करणारा माणूस. मागे उभा असलेला एक जण खुदकन हसला. मी म्हटलं, बरं, ती वेळ बदला. काकांनी वेळ बदलली नाही. नियुक्तीचा फॉर्म पुढे ओढला.

"याच्यावर त्या पोराची सही लागन."

"करून घेऊ."

"कशानं करन तो? उजव्या हाताचंच बोट गेलं म्हणता नं?"

मी गप्प. मालकानं सांगितलं होतं की त्याची सही तूच मार, वाकडीतिकडी, कोण बघतं. ते मी काकांना बोललो नाही, पण त्यांना कळलं असावं.

"आणि इथं खाली कोणाची सही?"

"माझी."

"मालकाची कुठं आहे?"

"मालकाची नाही लागत."

"नाही लागत नं," काका म्हणाले. "तेच तर सांगून राहिलो."

आता काकांबद्दल थोडं. ते वकील नाहीत, आणि कोणी वकीलसाहेब म्हटलं तर चिडतात. कामगार कोर्टात काम करणाऱ्या एका वकिलाकडे एकतीस वर्षं स्टेनो होते. वकील गेले, टाइपरायटर आणि पुस्तकांची एक फळी यांच्याकडे आली. टाइपरायटर आता फक्त पेपरवेटसारखा बसून आहे. फळीवरून त्यांनी १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं, म्हणजे ईएसआयच्या कायद्याचं, पातळ पुस्तक काढलं. पानं इतकी वापरलेली की कलम ८४ वर पुस्तक आपोआप उघडलं.

त्यांनी वाचून दाखवलं, मी माझ्या भाषेत सांगतो. लाभ वाढावा म्हणून, किंवा जो लाभ मिळायलाच नको तो मिळावा म्हणून, किंवा स्वतःला नाहीतर दुसऱ्याला भरणा चुकवता यावा म्हणून, जो कोणी जाणूनबुजून खोटं निवेदन करतो किंवा करवतो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला हसू आलं. "दोन हजार? काका, आमच्या शेठचं रविवारचं सावजी याच्याहून महाग पडते."

"दंडाचा आकडा ऐकून सगळेच हासतेत," काका म्हणाले. "सहा महिने कोणाच्या कानात शिरत नाही."

मग त्यांनी एकेक करून पुढचं काढलं. कलम ८५. खोटं विवरणपत्र दिलं तर वर्षभरापर्यंत कैद, किंवा चार हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्गणी, म्हणजे ईएसआयचा महिन्याचा भरणा, केलाच नाही तर तीन वर्षांपर्यंत, आणि तिथे खालची मर्यादाही आहे: साधारणपणे सहा महिन्यांहून कमी नाही, सोबत पाच हजार दंड. आणि कामगाराच्या पगारातून त्याचा हिस्सा कापून घेतला पण जमा केला नाही, तर कमीत कमी एक वर्ष आणि दहा हजार. कोर्टाला पुरेसं कारण दिसलं आणि ते त्यानं लिहून ठेवलं, तरच कैद याहून कमी होऊ शकते. आमच्याकडे आठ जणांचं कापतही नव्हतो आणि भरतही नव्हतो. मालक हे मोठ्या अभिमानानं सांगायचा, "मी कोणाचा पैसा कापत नाही."

"हे झालं विमा कायद्याचं," काका म्हणाले. "आता त्या पोराची सही तुम्ही मारली, तर हे पुस्तक पुरत नाही." दुसरं, जाड पुस्तक. १ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, हे मला पेपरात वाचून माहीत होतं. तिच्यातलं कलम ३१८ चं चौथं पोटकलम, म्हणजे ज्याला आपण अजून चारशे वीस म्हणतो ते: फसवून पैसा किंवा मालमत्ता द्यायला लावणं, सात वर्षांपर्यंत. ३३६ चं तिसरं: फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं, तेही सात वर्षांपर्यंत. आणि ३४०: बनावट कागद खरा म्हणून वापरला तर तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा.

"वापरला म्हणजे?"

"म्हणजे पोर्टलवर चढवला. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येते?"

कुलर घरघरत होता. मला घाम आला तो त्यामुळेच असं मी अजूनही म्हणतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. काकांनी मला घाबरवलं नाही. उलट म्हणाले, उद्या सकाळी जीप येऊन उभी राहील असं काही नाही. विमा कायद्याखालचा खटला चालवायला महामंडळाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, मग लेखी तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे जाते, कलम ८६. वेळ जातो. कित्येक प्रकरणं तिथवर पोचतही नाहीत. "पण माणूस जाते, कागद राहते. उद्या तुमचं न् मालकाचं वाजलं, पोराचं न् मालकाचं वाजलं, की पहिला हाच कागद बाहीर निघन. अन् त्याच्यावर मालकाचं काय आहे? काई नाही."

मग त्यांनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि पाठीवर मला एक हिशेब करून दाखवला. मी स्वतः हिशेबनीस असून हा हिशेब कधी केला नव्हता, याची लाज आजही वाटते.

तर्जनीची दोन पेरं गेली की कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेची हानी ११ टक्के धरलेली आहे. पूर्ण तर्जनी असती तर १४. अंगठा ३०. (ही यादी वाचताना पोटात कसंतरी होतं. कोणीतरी कधीतरी बसून बोटांचे भाव ठरवलेत.) कायम अपंगत्वाचा लाभ म्हणजे पगाराच्या ९० टक्क्यांचे हे ११ टक्के. पोराचा खरा पगार १४,५०० धरला तर महिन्याला १,४३५ च्या आसपास. मोजतात रोजाच्या दरानं, त्यामुळे चार रुपये इकडेतिकडे. पण जन्मभर. मालकाच्या बेताप्रमाणे ८,००० धरले तर ७९२.

"फरक किती?"

"सहाशे त्रेचाळीस."

"महिन्याले. पोरगं सव्वीसचं. सत्तर वर्षं जगलं तर लावा हिशेब."

मी लावला. तीन लाख चाळीस हजारांच्या घरात गेला. सरकारचं जाईल असं जे मला वाटत होतं ते पोराचं जात होतं. वाचवत काय होतो? १४,५०० वर कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के म्हणजे १०९ रुपये आणि मालकाचा ३.२५ टक्के म्हणजे ४७२. महिन्याला ५८१ रुपये. एका जोडप्याचं एका वेळचं जेवण.

"पण नोंदणीच नव्हती तर त्याला आता मिळणार कसं?" हा माझा खरा प्रश्न होता, आणि मालकाच्या बेतामागचं सगळ्यात मोठं कारणही हेच. इथे काका पहिल्यांदा थोडे खूश दिसले. कलम ६८. भरणा मालकानं चुकवला म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळ त्याला लाभ देऊ शकतं आणि मग तो मालकाकडून वसूल करतं: लाभातला फरक किंवा चुकवलेल्या वर्गणीच्या दुप्पट, जे जास्त असेल ते. म्हणजे खरं सांगूनही पोराचं बुडत नव्हतं. फक्त मालकाला बिल येणार होतं.

त्या दिवशी त्यांनी माझा एकही कागद टाइप केला नाही आणि एकही पैसा घेतला नाही. कॅलेंडरचं पान मात्र दिलं. मी इतका गोंधळलो होतो की पेन ड्राइव्ह त्यांच्या सीपीयूलाच राहिला.

मालकासमोरचा प्रसंग फार लांबवत नाही. तो चिडला, "कोण तो टायपिंगवाला, दुसरीकडून करून आण" म्हणाला, माझ्या एकोणीस वर्षांच्या मिठाची आठवण करून दिली. मी भांडलो नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. घरी मुलीचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू होतं. मी फक्त म्हटलं, "शेठ, मी करतो सगळं. फक्त या वेळी खालची सही तुमची ठेवू." आणि पेन त्यांच्या बाजूला सरकवलं.

पेन पाच मिनिटं तिथेच होतं. मग त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्या दुकानात गेलो. मालकाची गाडी त्या गल्लीत लागत नाही, कॉटन मार्केटजवळ लावून ते उन्हात चालत आले, हे मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. काकांनी त्यांना माझ्याइतकाच वेळ थांबवलं. एक ग्राहक आधी होता.

त्या दिवशी टाइप झालं ते असं. नियुक्तीची तारीख खरी, २०२२ च्या डिसेंबरची. पगार खरा. अपघात ४ मार्च, दुपारी अडीच, प्रेसवर, गार्ड काढलेला होता हेही. अहवाल उशिरा का, याचं एक वेगळं पत्र. बोट किंवा हात-पाय जाण्याइतकी गंभीर इजा असेल तर अहवाल लगेच पाठवायचा असतो, बाकी अपघातांत चोवीस तासांत. आमचे तीन दिवस गेले होते. पत्रात मालकानं "माहितीअभावी" लिहायला सांगितलं. काकांनी विचारलं, "माहितीअभावी की तयारीअभावी?" शेवटी नुसतं "उशीर झाला, दिलगीर आहोत" असं गेलं. सही मालकाची. पोराचा अंगठा, डाव्या हाताचा, दवाखान्यात जाऊन खरा घेतला.

मालकाचा एक प्रश्न तेव्हा मला आवडला नव्हता, आता गंमत वाटते. बाकीच्या सात जणांची मागची वर्गणी भरायची ठरली, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांचा पाऊण टक्का त्यांच्या येत्या पगारातून कापता येईल नं?" नाही येत. ज्या काळाची वर्गणी त्याच काळाच्या पगारातून कापता येते, नंतरच्या पगाराला हात लावता येत नाही. गेलेल्या महिन्यांचा दोन्ही हिस्सा मालकाच्याच खिशातून. एका पोराचे सव्वीस महिन्यांचे साधारण पंधरा हजार, आठ जणांचे मिळून लाखाच्या वर, त्यावर बारा टक्के व्याज. मालकानं काकांकडे असं पाहिलं जणू तो कायदा त्यांनीच त्या टाइपरायटरवर बडवला होता.

पोराचं पुढे काय झालं? सोमवारीपेठ भागातल्या विमा रुग्णालयात नंतरचं ड्रेसिंग झालं, रजेच्या दिवसांचे पैसे आले, मग मेडिकल बोर्ड बसलं. ११ टक्केच धरले. आता दर महिन्याला खात्यात येतात. तो प्रेसवर परत आला नाही, पॅकिंगला आहे. डाव्या हातानं सही करायला शिकलाय, अजून बँकेत जुळत नाही.

त्यानंतर मी या दुकानाचा कायमचा ग्राहक. रांगेत बसून इतकं ऐकलंय की त्याचंही थोडं लिहितो, कारण वरचं वाचून कोणाला वाटेल की काका कामगारांच्या बाजूचे आहेत. तसं नाही. ते कागदाच्या बाजूचे आहेत.

एकदा बुटीबोरीच्या एका कंपनीतला माणूस आला, हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या पाळीला जाताना वर्धा रोडवर गाडी घसरली होती. त्याला कोणीतरी शिकवलेलं, की बाहेर पडलो म्हटलं तर काही मिळत नाही, कंपनीच्या जिन्यावरून पडलो असं लिही. तसा जबाब टाइप करायला आला होता. काकांनी नेहमीप्रमाणे वाचला आणि दवाखान्याचा पहिला कागद मागितला. त्यावर डॉक्टरनं आधीच लिहून ठेवलेलं, रस्त्यावर दुचाकी घसरून इजा. म्हणजे तो जबाब पहिल्याच टेबलावर खोटा पडला असता.

आणि गंमत अशी की खोट्याची गरजच नव्हती. २०१० मध्ये विमा कायद्यात ५१-ई हे कलम घातलं. घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघातसुद्धा कामावरचाच धरतात, फक्त वेळ, जागा आणि ड्यूटी यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. त्याच्याकडे पाळीचं पत्रक होतं, घर नरेंद्र नगरला, रस्ता सरळ वर्धा रोडचा, वेळ बरोबर पाळीच्या पाऊण तास आधीची. सगळं जुळत होतं. "तुमचं खरंच इतकं चांगलं आहे," काका म्हणाले, "मंग खोटं कायले विकत घेता?" त्याचा खरा जबाब दोन पानांत बसला, पन्नास रुपये.

दुसरा एक आला होता रजा वाढवायला. कंबर दुखते, अजून पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र आणतो, अर्ज तेवढा लिहून द्या. बोलता बोलता त्यानंच सांगितलं की बाहेर उभी ऑटो त्याची आणि तो ती चालवत आलाय. काकांनी कीबोर्ड बाजूला सारला. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळत नाही, घेतलेला परत करावा लागतो, आणि ८४ खाली शिक्षा झाली तर ठरावीक काळ रोख लाभच बंद. माणूस तावातावानं शेजारच्या दुकानात गेला. तिथे वीज होती. त्याचं पुढे काय झालं ते शेजारच्यांना विचारा.

एक सूचना. वर दिलेले विमा कायद्याचे कलमांचे आकडे मार्च २०२५ चे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना विमा कायदा, तसाच १९२३ चा भरपाईचा कायदाही तिच्यात गेला. काकांनी नवं पुस्तक आणून फळीवर ठेवलंय, जुन्याच्या पाठीवर स्केचपेननं 'जुना' लिहिलंय, पण तो फेकलेला नाही. तेव्हाच्या भानगडी तेव्हाच्या पुस्तकानं, असं त्यांचं म्हणणं. तुमचं काम नवीन असेल तर माझ्या आकड्यांवर जाऊ नका, त्यांना नवं पुस्तक उघडायला लावा. तेही ते हळूच वाचतील.

वेळ: सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मध्ये एक ते दोन डबा. रविवारी बंद. यूपीआय चालतं, पण क्यूआरचा कागदही पाटीसारखाच उन्हानं फिका झालाय, दोन-तीनदा स्कॅन करावा लागतो. सुट्टे ठेवा.

तो पेन ड्राइव्ह तिसऱ्या फेरीत मिळाला. ड्रॉवरमधून काढून दिला, रबर बँडमध्ये माझ्या नावाची चिठ्ठी. मी विचारलं, आतलं पुसलं का? "मी कायले पुसू? तुमचा कागद आहे, तुमीच पुसा." तो आता माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे, स्टॅपलरच्या पिनांच्या डबीत. अजून पुसलेला नाही.